शेतावर पाहुणे येणार असतील तर आधी हे करून ठेवा: कोणी पडलं, बुडलं, चावलं तर जबाबदारी कोणाची

परवा रात्री नऊला एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. शनिवारी पुण्याहून चार कुटुंबं त्याच्या शेतावर राहायला येणार, पहिलीच बॅच, दोन खोल्या आणि दोन तंबू तयार, घरच्यांनी मासवडी आणि बाजरीच्या भाकरीचा बेत ठरवलेला, सगळं झालेलं आणि आता त्याचा प्रश्न एवढाच होता की "ताई, गेटला पाटी लावतोय, 'आपल्या जबाबदारीवर आत यावे, अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही', एवढं लिहिलं की सुटलो ना आपण?"

नाही सुटत. त्याला फोनवर अर्धा तास जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण मी तालुका कोर्टात वकिली करते आणि घरची नऊ एकर शेतीही आहे, त्यामुळे दोन्ही बाजू रोज डोळ्यासमोर असतात, आणि आजकाल आमच्याकडे दर चौथ्या शेतावर हुरडा पार्टी नाहीतर फार्मस्टे सुरू झालाय. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 ला आलं, लोकांना जोडधंदा मिळाला, चांगलंच झालं. पण पाहुण्याला काही झालं तर काय, यावर गावात कोणी बोलतच नाही.

आधी पाटीचंच सांगते. दिल्लीत 1998 साली एका पाहुण्याने ताजमहाल हॉटेलात गाडी पार्क करायला हॉटेलच्या माणसाच्या हातात चावी दिली, गाडी चोरीला गेली, हॉटेल म्हणालं कुपनवर छापलंय की गाडी तुमच्या जोखमीवर. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर 2019 मध्ये कोर्टाने सांगितलं की स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशी छापील ओळ लिहून झटकता येत नाही. ही झाली गाडीची गोष्ट. माणसाच्या जिवाच्या बाबतीत कोर्ट याहून सैल वागेल असं समजू नका.

जबाबदार कोण, सातबारावाला की धंदा करणारा?

इंग्लंडमध्ये यासाठी 1957 पासून वेगळा कायदा आहे, आपल्याकडे असा एकच कायदा नाही, कोर्टाचे निकाल आणि वेगवेगळे कायदे मिळून काम चालतं. पण मूळ प्रश्न सगळीकडे तोच, जागा कोणाच्या ताब्यात होती आणि धोका दूर करणं कोणाच्या हातात होतं. म्हणजे सातबारा सासऱ्यांच्या नावावर, पाहुण्यांचे पैसे दिराच्या खात्यावर आणि विहिरीची मोटर बघायला वाटेकरी असं असेल (आमच्या भागात बहुतेक असंच असतं) तर तिघांनाही नोटीस येऊ शकते, आणि मग कोर्ट ठरवतं कोणाचा वाटा किती. दिल्लीच्या उपहार थिएटरला 13 जून 1997 ला आग लागून 59 माणसं गेली, तिथे आग ज्या ट्रान्सफॉर्मरपासून सुरू झाली तो वीज बोर्डाचा होता, तरीही 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाईचा 85 टक्के भार थिएटरवाल्यांवर टाकला आणि 15 टक्के वीज बोर्डावर. म्हणून "ती लाइन एमएसईबीची होती" किंवा "तंबू कॉन्ट्रॅक्टरने ठोकला होता" एवढ्यावर विसंबून राहू नका.

आता केस कुठे कुठे होऊ शकते ते बघा, कारण लोकांना फक्त पोलीस स्टेशन माहीत असतं.

पोलीस केस असतेच. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम 106 प्रमाणे निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, जुन्या भारतीय दंड संहितेच्या 304-अ मध्ये ती दोनच वर्षं होती. जीव वाचला पण गंभीर दुखापत झाली तर कलम 125, तीन वर्षांपर्यंत. दुसरा रस्ता दिवाणी कोर्टाचा, नुकसानभरपाईचा दावा, आणि मृत्यू झाला असेल तर 1855 चा फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्ट आजही चालतो, त्यात घरच्यांना दोन वर्षांत दावा लावता येतो.

तिसरा रस्ता ग्राहक आयोगाचा, आणि पैसे घेऊन पाहुणे ठेवणाऱ्यांनी सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं. पाहुण्याने तुम्हाला पैसे दिले की तो ग्राहक आणि तुमचा फार्मस्टे म्हणजे सेवा. 2019 च्या कायद्यात केस कोणत्या आयोगात जाणार हे पाहुण्याने किती भरपाई मागितली यावर ठरत नाही, त्याने तुम्हाला किती रुपये मोजले यावर ठरतं. म्हणजे तीन हजाराचं बुकिंग करून आलेला माणूस तीस लाख मागू शकतो, जिल्हा आयोगातच, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने त्याला फी एक रुपयाही नाही. वर तो स्वतः राहतो त्या जिल्ह्यात केस टाकू शकतो, म्हणजे तारखांना तुम्ही पुण्या-मुंबईला चकरा मारायच्या. मुदत दोन वर्षं. हे मी घाबरवायला सांगत नाही, पण बुकिंगचे पैसे गुगल पे वर घेताना ही बाजू डोक्यात असली पाहिजे.

आणि न विचारता आत आलेला माणूस?

"बोलावलं नव्हतं, घुसला, मेला, आपला काय संबंध" असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं. पैसे देऊन आलेल्या पाहुण्याची काळजी सगळ्यात जास्त घ्यायची हे खरं, सहज भेटायला आलेल्याला निदान तुम्हाला माहीत असलेला धोका सांगायचा, आणि घुसखोराच्या बाबतीत कर्तव्य बरंच कमी आहे, पण शून्य नाही. मुद्दाम सापळा तर कधीच लावायचा नाही. बिहारमधली एक जुनी केस आहे. शेजारीण आपल्या संडासचा वापर करते म्हणून एका माणसाने तिथे उघडी तार ओढून करंट सोडला, ती बाई तारेला चिकटून गेली. तो म्हणाला माझी जागा, ती विनापरवानगी आली होती. सुप्रीम कोर्टाने 1963 साली त्याची शिक्षा कायम ठेवली, घुसखोर असला म्हणून त्याच्या जिवाला काही किंमतच उरत नाही असं होत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

आणि म्हणूनच कुंपणाला घरगुती लाइनचा करंट सोडणं हे मी हात जोडून सांगते, बंद करा. रानडुकरं एका रात्रीत मका लोळवतात, ते नुकसान मी स्वतः सोसलंय, राग समजतो. पण त्या तारेला पहाटे पाणी धरायला गेलेला शेजारी चिकटतो, सरपणाला गेलेली बाई चिकटते, आणि कितीदा तर घरचाच पोरगा. अशा प्रकरणात पोलीस 106 वर थांबतील असंही नाही, थेट सदोष मनुष्यवधाचं कलम 105 लागू शकतं, वीजचोरीचा गुन्हा वेगळा, आणि जनावर मेलं तर वन खातं वेगळं. सौर कुंपण घ्या, झटका मशीन चांगल्या कंपनीचं, प्रमाणित घ्या, त्यात क्षणभराचा झटका बसून माणूस मागे फेकला जातो, चिकटून राहत नाही. तरीही दर थोड्या अंतरावर पिवळी पाटी हवी आणि पाहुण्यांच्या मुलांना आल्या आल्या दाखवायचं.

मुलांचा हिशोब कायद्यात वेगळा असतो. मोठ्या माणसाला "पाटी वाचता येत नव्हती का" असं विचारता येतं, सहा वर्षांच्या मुलाला येत नाही. ग्लासगोमध्ये सात वर्षांचा मुलगा बागेतली चेरीसारखी दिसणारी विषारी फळं खाऊन दगावला, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने नगरपालिका जबाबदार ठरू शकते असं सांगितलं, कारण मुलाला मोह पडेल अशी वस्तू उघडी ठेवली होती. आपल्या शेतावर मुलांना मोह पडतील अशा जागा मोजा, विहीर, शेततळं, कडबाकुट्टी, ट्रॅक्टर, गोबरगॅसचा खड्डा, उभा रचलेला पाइपांचा ढीग.

आधी शिवारफेरी मारा

पाहुणे यायच्या आठ दिवस आधी एक काम करा, घरातलं किंवा भावकीतलं आठ-दहा वर्षांचं पोर बरोबर घ्या आणि सगळं शेत फिरा. ते जिथे जिथे पळत जाईल तिथे थांबा, मोबाइलवर फोटो काढा, वहीत लिहा. आपल्याला तीस वर्षांच्या सवयीने जे दिसत नाही ते त्या पोराच्या मागे गेलं की दिसतं. ही वही तारखेसह ठेवा, दुरुस्ती झाली की पुन्हा फोटो काढा. उद्या काही झालं तर आपण काळजी घेत होतो याचा हा पुरावा, आणि तोंडी "आम्ही सांगितलं होतं" पेक्षा तो शंभर पट बरा.

शेततळं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात शेततळ्यात बुडून गेलेल्या मुलांच्या बातम्या वाचून वाचून मन विटलंय. विहीर बघून माणूस सावध होतो, शेततळं बघून पोहावंसं वाटतं, निळं पाणी, वर काळा प्लास्टिकचा कागद चमकतोय, फोटो छान येतो. 30 बाय 30 मीटरचं तळं, तीन मीटर खोल, म्हणजे दहा फूट पाणी, आणि चारही बाजूंना तिरका 500 मायक्रॉनचा कागद, त्यावर शेवाळ. पाय घसरला की बाहेर येता येत नाही, हात लावायला काही नसतं, पोहणारा माणूससुद्धा काठावर येऊन चढता न आल्याने दमून बुडतो. आणि त्याला काढायला दुसरा उडी मारतो, मग तोही.

आमच्याच शेततळ्यात चार वर्षांपूर्वी नात्यातला अकरा वर्षांचा मुलगा बॉल काढायला गेला आणि घसरला. धाकटा दीर बैल सोडून येत होता, हातात कासरा होता, त्याने तो फेकला आणि पोराने धरला म्हणून वाचला. दीर दोन मिनिटं उशिरा आला असता तर काय झालं असतं या विचाराने मला अजून रात्री जाग येते. कुंपण तेव्हा नव्हतं. माझ्या घरी, मी वकील असून. दुसऱ्याच आठवड्यात ते केलं.

तर काय करायचं: चारही बाजूंनी किमान पाच-सहा फूट उंच जाळीचं कुंपण, एकच गेट, त्याला कुलूप, किल्ली घरात खिळ्यावर, गेटवर नाही. आत प्रत्येक बाजूला जाड नायलॉन दोर, फुटाफुटावर गाठी मारलेला, वर लोखंडी खुंट्याला पक्का बांधून पाण्याच्या तळापर्यंत सोडलेला. जुन्या टायर एकमेकांना बांधून शिडीसारख्या सोडल्या तरी चालतात, स्वस्तात होतं. एक हवा भरलेली ट्यूब आणि फेकायचा दोर बाहेर टांगून ठेवा. कामावरच्या प्रत्येकाला सांगून ठेवा, उडी मारायची नाही, दोर फेकायचा. आणि पाहुण्यांना शेततळ्यात पोहू द्यायचं नाही, पैसे जास्त देतो म्हणाले तरी नाही, ते सिंचनाचं तळं आहे, स्विमिंग पूल नाही, तिथे ना पायरी ना जीवरक्षक.

विहीर. कठडा तीन-साडेतीन फूट हवा, जुन्या विहिरींना तो नसतोच, असला तर ढासळलेला. वर लोखंडी जाळी टाका, मोटरीसाठी झाकण ठेवा. विहिरीला लागून असलेलं गवत काढत राहा, पावसाळ्यात गवताने काठ कुठे संपतो तेच कळत नाही.

बोअर. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने लहान मुलं बोअरमध्ये पडण्याच्या घटनांवर सूचना दिल्या, त्या जमीनमालकालाही लागू आहेत. बोअर घेण्याच्या 15 दिवस आधी लेखी कळवायचं, केसिंगभोवती (बोअरच्या पाइपाभोवती) सिमेंटचा चौथरा अर्धा मीटर लांब-रुंद, 30 सेंटीमीटर जमिनीच्या वर आणि 30 सेंटीमीटर खाली, तोंडाला वेल्डिंग केलेली किंवा नट-बोल्टची टोपी, आणि पाणी न लागलेला बोअर तळापासून वरपर्यंत माती-दगडाने भरून टाकायचा. दगड ठेवून, पोतं टाकून सोडलेले फेल गेलेले बोअर आजही आहेत, तुमच्या शेतात असेल तर आजच भरा.

जनावरं. कुत्रा चावतो, बैल मारतो, हे न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये येतं, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, भरपाई वेगळी. कोर्ट विचारतं तुम्हाला जनावराची खोड माहीत होती का. आणि गावात तर सगळ्यांना माहीत असतं की अमक्याचा बैल मारका आहे, म्हणजे साक्षीदार आयतेच. मारका बैल पाहुण्यांच्या बैलगाडीला जुंपायचा नाही, गोठ्यात आडणा लावायचा, कुत्र्याला रेबीजची लस देऊन कार्ड जपून ठेवायचं.

साप-विंचू आपण पाळलेले नसतात, सापाने दंश केला म्हणून मालक आपोआप जबाबदार होत नाही. पण खोलीला लागून लाकडाचा ढीग, रात्री संडासच्या वाटेवर दिवा नाही, आणि सापाची लस कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळते हे मालकाला माहीत नाही, असं असेल तर प्रश्न विचारले जाणारच. तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लस आहे का ते स्वतः जाऊन विचारून या.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून शेतफेरी हा सगळ्यांचा आवडता कार्यक्रम, आणि तो बंदच ठेवा असं मी सांगेन. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा असतो, ट्रॉलीत माणसं बसवली आणि ती उलटली की कंपनी हात वर करायला मोकळी. बैलगाडी हळू जाते, तीच बरी.

जुन्या भिंती आणि झाडं. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा 1951 मध्ये कोसळला, माणसं गेली, तो 80 वर्षं जुना होता आणि त्यातल्या चुन्याचं आयुष्य 40-45 वर्षांचं. "वरून ठीक दिसत होता" हे सुप्रीम कोर्टाने 1966 मध्ये ऐकलं नाही, तपासत राहणं मालकाचं काम होतं. तुमचा आजोबांच्या काळातला मातीचा वाडा असेल आणि त्याचंच "हेरिटेज स्टे" केलं असेल तर एकदा इंजिनिअरकडून तपासून लेखी घ्या. वायरिंगला अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन लगेच तोडणारा स्विच) हवीच, पाहुण्यांचे मोबाइल, गीझर, पाण्याचे ओले हात, यात काटकसर करू नका.

विमा, आणि त्यातला एक गैरसमज

बरेच जण म्हणतात आमच्याकडे गोपीनाथ मुंडे योजना आहे की. ती शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरच्या एका सदस्यासाठी आहे, मृत्यूला दोन लाख, पाहुण्याला त्यातून काही नाही. तुम्हाला हवी ती पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे बाहेरच्या माणसाला इजा झाली तर भरपाई भरणारा विमा, बिगर-औद्योगिक प्रकारातली, सरकारी आणि खासगी दोन्ही विमा कंपन्या देतात. घेताना एजंटला लेखी विचारा: एका अपघाताला किती आणि वर्षभरात एकूण किती, पाण्यातला अपघात धरलाय का, जनावर धरलंय का, जेवणातून विषबाधा धरलीय का. आणि अर्जात शेततळं असेल तर आहे असंच लिहा, लपवलं तर ऐनवेळी क्लेम नाकारायला तेच कारण होतं.

झालंच काही तर

पहिलं 108. माणूस हलवायचा की नाही ते फोनवरच्या माणसाला विचारा, पडून मानेला-पाठीला लागलं असेल तर उगाच उचलून जीपमध्ये घालू नका. दवाखान्यात घरचं कोणीतरी बरोबर जाऊ द्या, खर्चाला हात आखडू नका, माणुसकी म्हणून मदत केल्याने गुन्हा कबूल केला असं होत नाही.

जागा आहे तशी ठेवा. अपघातानंतर रातोरात कुंपण ठोकणारे लोक मी बघितलेत, पंचनाम्यात ओलं सिमेंट दिसतं आणि केस दुप्पट वाईट होते. फोटो काढा, त्या वेळी हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा, पोलिसांना स्वतःहून कळवा, विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. मृत्यू झाला असेल तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, चौकशीत निष्काळजीपणा दिसला तर मग गुन्हा. तुमची ती फेरीची वही आणि फोटो याच टप्प्यावर वकिलाच्या हातात द्या.

गावात लगेच चार शहाणे जमतात, स्टॅम्प पेपरवर लिहून मिटवून टाका म्हणतात. पैशाची तडजोड होऊ शकते, पण 106 चा गुन्हा दोन्ही पक्षांनी मिळून मागे घेण्याच्या यादीत नाही, त्यामुळे पैसेही जातात आणि केसही चालू राहते. वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका, विमा कंपनीला न सांगता तर अजिबात नाही, कारण परस्पर कबुली दिली म्हणून ती अंग काढून घेऊ शकते. पाहुण्याची स्वतःची चूक असेल, दारू पिऊन कुंपण चढला असेल, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, तेही वकिलाला सांगायचं असतं, समोरच्या रडणाऱ्या घरच्यांना नाही.

आता ती पाटी

पाटी लावायचीच, फक्त हात झटकणारी नाही, धोका दाखवणारी. त्या शेतकऱ्याला मी हा मजकूर दिला, तुम्हीही घ्या: "शेततळे 10 फूट खोल. कागद निसरडा आहे, पडल्यास बाहेर येता येत नाही. कुंपणाच्या आत जाण्यास आणि पोहण्यास सक्त मनाई. मुलांना एकटे सोडू नका. मदतीसाठी दोर उजव्या खांबाला आहे. अ‍ॅम्ब्युलन्स 108." मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, शेजारी बुडणाऱ्या माणसाचं चित्र, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर एक आणि मोठ्यांच्या उंचीवर एक, आणि रात्री दिसेल असा दिवा. बुकिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्येही हेच पाठवा आणि समोरून "ओके" आल्याशिवाय बुकिंग पक्कं करू नका. त्याच्याकडे कुंपण शनिवारपर्यंत होण्यासारखं नव्हतं, त्यामुळे त्याने पहिली बॅच दोन आठवडे पुढे ढकलली आणि आगाऊ घेतलेले पैसे परत केले.